काही आढळले नाही

एगेलुंड, १२ फेब्रुवारी २०१७

प्रिय दाग्नी आत्या,

बाबा गेल्यापासून तुला लिहितेय ते हे पहिलंच पत्र. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर आता मलाही फोनवर बोलवत नाही. नगरपालिकेच्या बालकल्याण विभागात लोने नावाची बाई आहे. मी फोनवर जे बोलते ते ती लिहून घेते. गोड हसते आणि लिहून घेते.

विल्मा नऊ महिन्यांची झाली. अजून मान धरत नाही. उचलून घेतली की ओल्या टॉवेलसारखी हातावर लोंबते. दिवसातून पाच-सहा वेळा झटके येतात. कधी वाटतं, बघतेय माझ्याकडे. मग मी जरा बाजूला सरकते, आणि कळतं की ती मागच्या खिडकीतल्या उजेडाकडे बघत होती.

नोव्हेंबरात रुग्णालयाने तिची जनुकं तपासली. अहवाल आला, "काही आढळले नाही." मी आणि त्रोल्स, आम्ही दोघे आईबाप, आनंदाने रडलो. चार दिवसांनी लोने तोच अहवाल घेऊन आमच्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "मुलीच्या आत काही दोष नाही. मग तो बाहेरून आला असणार, नाही का?" असं म्हणून तिने फाइलमधून एक कागद काढला. मी गरोदर असतानाचा, निनावी. "वडिलांच्या अंत्यविधीच्या जेवणात सिसेलने तीन वेळा श्नॅप्स घेतली. पोटातल्या बाळाची काळजी वाटते."

आत्या, माझ्या पेल्यात दारू नव्हती, पाणी होतं. तुला आपल्या किनाऱ्याची रीत माहीत आहे. गेलेल्याच्या नावाने पेला उचलला जातो तेव्हा रिकामा हात म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. म्हणून मी जगमधलं पाणी त्या छोट्या पेल्यात ओतलं होतं. दिसायला दोन्ही सारखंच. तीन वेळा उचलला, तीन वेळा पाणी प्यायले. पण हे आता कोण मानणार? टेबलाला सव्वीस माणसं होती. भांडी घासताना मी एकेक चेहरा आठवते आणि प्रत्येकाच्या हातात पेन घालून बघते.

२२ जूनला ठरणार आहे, विल्मा आमच्याकडे राहणार की दुसऱ्या कुटुंबाकडे जाणार.

प्रयोगशाळेतल्या डॉ. थोरुप यांनी नमुना पुन्हा तपासला. त्यांना काहीतरी दिसलंय. पण एकाच मुलात दिसलेल्या गोष्टीला त्या कारण म्हणायला तयार नाहीत. घरात असं दुसरं मूल होतं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी तुझ्या येप्पेचं नाव घेतलं. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतले थेंब कागदावर घेऊन सरकार जपून ठेवतं. येप्पेचाही कागद तिथे आहे. तो उघडायला आईची सही लागते.

फॉर्म सोबत आहे. सही कर, आत्या.

तुझी,
सिसेल


क्लिटहाउन, २० फेब्रुवारी

सिसेल,

तीस वर्षांपूर्वी माझ्याही दारात अशीच एक बाई आली होती. घरोघरी बाळं बघत फिरणारी नर्स. तीही हसायची. येप्पे तेव्हा सहा महिन्यांचा होता, तुझ्या मुलीसारखाच ढिला, तुझ्या मुलीसारखाच झटक्यांनी थरथरणारा. नर्स माझ्या हातची कॉफी प्यायली, माझ्या हातचा केक तिने खाल्ला, आणि वहीत लिहिलं, "आई मासळी कारखान्यात कामगार, संघटनेची पुढारी. बिअरची सवय असावी." असावी! त्या एका शब्दावर माझा संसार बुडाला. एर्लिंगने ती वही वाचली आणि येप्पेला पुरल्यानंतर महिन्याभरात तो घर सोडून गेला.

मी गप्प बसले नाही. कारखान्याच्या फाटकाशी हेरिंगच्या पिंपावर उभी राहिले आणि दोनशे माणसांसमोर सांगितलं, पोटात मूल असताना या दाग्नीने एक थेंबही घेतलेला नाही, आणि ज्याला शंका असेल त्याने समोर यावं. कोणी आलं नाही. पाठीमागे मात्र तीस वर्षं बोलत आले.

आता मला सांग. माझ्या मेलेल्या लेकराचं रक्त सरकारने तीन दशकं शीतपेटीत ठेवलं, मला कोणी विचारलं? आज त्यांना ते हवं आहे, तर कोणासाठी? तुझ्यासाठी? बाळे, ती प्रयोगशाळा आणि ती नगरपालिका एकाच ताटात जेवतात. तू त्यांच्या हातात माझा येप्पे देशील आणि उद्या लोने तुझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणेल, बघा, यांच्या घरात बायका असंच करतात, पिढ्यान् पिढ्या.

सही करणार नाही.

तरी एक विचारते. त्या सुकलेल्या थेंबात आणखी काय काय दिसतं? डॉक्टरीणबाईंना विचार आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून कळव.

आणि पेल्यात पाणी होतं, तर तेव्हाच तसं बोलली का नाहीस? शेजारी बसलेल्याला तरी सांगायचंस.

दाग्नी


एगेलुंड, ३ मार्च

प्रिय आत्या,

विचारलं. डॉ. थोरुप म्हणाल्या, "थेंबात मुलाची सगळी जनुकं असतात, म्हणजे आई दिसते आणि बापही दिसतो."

तुझ्या प्रश्नाचं कारण तेच असेल, तर ऐक. येप्पेचा बाप कोण होता याच्याशी मला काडीचंही देणंघेणं नाही. मी कोणाला सांगणार नाही. त्रोल्सलासुद्धा नाही.

आता त्यांना काय दिसलं ते सांगते. मला समजलं तसंच लिहिते. आपण शाळेत शिकलो की जनुकावरून आरएनएची चिठ्ठी निघते, ती पेशीच्या भटारखान्यात जाते आणि तिथे प्रथिन तयार होतं. पहिल्या तपासणीत फक्त अशी प्रथिनं करणारी जनुकं वाचतात. बाकीच्या मोठ्या भागाला हे लोक वर्षानुवर्षं कचरा म्हणत आले. विल्माचा बिघाड त्या कचऱ्यात आहे. तिथे एक जनुक आहे, त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. त्याच्यावरूनही चिठ्ठी निघते, चांगली लांबलचक, पण ती भटारखान्यात कधी जातच नाही. तिच्यापासून काही बनत नाही. ती जागच्या जागी राहते आणि शेजारच्या जनुकाला आवरून धरते. आता बोल, आता गप्प बस, एवढंच तिचं काम. पोटात बाळाचा मेंदू घडत असतो तेव्हा त्या शेजाऱ्याने किती बोलायचं हे तीच ठरवते. विल्माकडे ती चिठ्ठी नाही. आईकडून आलेली नाही आणि बापाकडूनही नाही. तिचा मेंदू त्या शेजाऱ्याच्या अखंड आरडाओरड्यात घडला.

मी त्यांना म्हटलं, आमच्या बंदराच्या जलद्वारावर एक माणूस बसायचा, कोणती होडी कधी आत घ्यायची ते ठरवायला. त्याने आयुष्यात एक मासा पकडला नाही, पण तो नसता तर होड्या एकमेकींवर आदळल्या असत्या. त्या म्हणाल्या, उद्या विद्यार्थ्यांना हेच सांगते.

पण लोनेला हे कसं पटवणार? डॉ. थोरुपच्या नव्या कागदावरही लिहिलंय, "अर्थ अनिश्चित." दुसरं मूल मिळेपर्यंत त्यांना तेवढंच लिहिता येतं. लोनेच्या फाइलमध्ये एका बाजूला हे "अनिश्चित" आहे आणि दुसऱ्या बाजूला "तीन वेळा श्नॅप्स".

ते पत्र कोणी लिहिलं, मला कळलंय असं वाटतं. बोडिल. त्रोल्सची आई. तू तिला ओळखतेसच, दारूला पाप मानणाऱ्या मिशनच्या सभेला जाणारी. स्वतः कॉफीशिवाय काही पीत नाही आणि दुसऱ्यांचे घोट मोजते. त्या दिवशी ती बरोबर माझ्या समोर बसली होती. तुला काय वाटतं?

सिसेल


क्लिटहाउन, ९ मार्च

सिसेल,

येप्पेचा बाप एर्लिंग. त्याचं नाक, त्याचे कान, आणि भूक लागल्यावरचा आकांतही त्याचाच. सदुसष्टाव्या वर्षी भाचीकडून चारित्र्याचं अभयदान मिळालं, आभारी आहे. फ्रेममध्ये घालून भिंतीवर लावते.

मी बापाबद्दल विचारलंच नव्हतं. मी विचारलं होतं, आणखी काय दिसतं. खाणं, औषधं, पिणं. मनात येईल त्याचं उत्तर देऊ नकोस, विचारलंय त्याचं दे.

जलद्वारावरच्या त्या माणसाचं नाव होतं न्यूगॉर. कारखान्यात आम्ही त्याला फुकट्या म्हणायचो. मीच सगळ्यात मोठ्याने म्हणायचे. ज्याच्या हाताला माशाचा वास नाही तो कामगार नाही, असं मी सभेत ठणकावून सांगितलेलं आहे, आणि टाळ्या घेतल्या आहेत.

बोडिलबद्दल मी काही बोलणार नाही. मिशनवाल्यांचा हात पत्रं लिहायला चांगला वळलेला असतो एवढं सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. बाकी तुझं तू बघ.

फॉर्म टेबलावर पडला आहे. तिथेच राहील.

दाग्नी


एगेलुंड, २ एप्रिल

आत्या,

बोडिलला मी घराबाहेर काढलं. विल्मासाठी विणलेले मोजे घेऊन आली होती. मी दारातच विचारलं, पत्र तुम्ही लिहिलंत ना? ती लाल झाली, मग पांढरी पडली, आणि म्हणाली, "माझ्या पेनने मी असं लिहीन, असं तुला वाटलं?" मला वाटलं, चोर सापडला की असाच बोलतो. मी दार लावून घेतलं. आठवडाभर त्रोल्सने माझी समजूत घातली, आठव्या दिवशी बॅग भरली आणि आईकडे राहायला गेला. रोज कामावरून येतो, विल्माला भरवतो, माझ्याशी न बोलता जातो. लोनेने तेही लिहून घेतलं. "घरात अस्थिरता."

तुझा प्रश्न मी नीट विचारला. डॉ. थोरुप म्हणाल्या, बाळाच्या टाचेतल्या थेंबात आई गरोदरपणात काय प्यायली याची कसलीही नोंद नसते, आणि असती तरी त्या वाचणार आहेत ती फक्त जनुकं. मग चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या आत्याला हे का जाणून घ्यायचंय?"

तेव्हापासून मीही तेच विचारतेय. माझी दाग्नी आत्या पिंपावर उभी राहून गर्जते. कोणाला घाबरत नाही. मग एका कागदावरच्या चार डागांना का घाबरते?

मला उत्तर देऊ नकोस. सही दे. माझ्याकडे अकरा आठवडे उरलेत. विल्माला कोण घेऊन जाईल, तिला घास घशाशी अडकला की कसं आडवं धरायचं हे त्या माणसांना माहीत असेल का, एवढंच माझ्या डोक्यात असतं. तुझी अब्रू माझ्या डोक्यात नाही, आत्या. माफ कर.

सिसेल


क्लिटहाउन, २८ एप्रिल

सही केली आहे. फॉर्म थेट डॉक्टरीणबाईंना पाठवला. तुला कळावं म्हणून या चार ओळी.

दाग्नी


एगेलुंड, ९ जून

प्रिय, प्रिय आत्या,

काल डॉ. थोरुपनी बोलावलं. दोन छापील पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एक विल्माची, एक येप्पेची. दोन्हींमध्ये तेच जनुक नाही. दोन्हींमध्ये दोन्ही बाजूंनी नाही. तुटल्याच्या कडासुद्धा जुळतात. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर कधीकाळी कोणीतरी एकच पूर्वज होता, त्याची ही तूट त्याच्या वंशात घरोघरी पसरली. तुझ्यात आणि बाबांत ती निम्मी होती, एर्लिंगमध्ये असणारच, माझ्यात आणि त्रोल्समध्ये आहे. एका बाजूची असली तर काही होत नाही. दोन्ही बाजूंनी आली की बाळ असं होतं. त्रोल्सची माणसं आपल्यापासून दोन वाळूच्या टेकड्या पलीकडची, हे आपण लग्नात किती कौतुकाने सांगितलं होतं.

विल्मा बरी होणार नाही. ते मी ऐकलं. पण कोणत्या औषधाने झटके वाढतात आणि कोणत्याने कमी होतात याचा त्यांना आता अंदाज आहे. आणि नव्या अहवालात "अनिश्चित" हा शब्द नाही.

तुझ्यासाठी एक गोष्ट मी मुद्दाम विचारली. न विचारता राहवलं नाही. मी म्हटलं, समजा येप्पेच्या आईने गरोदरपणात थोडं घेतलं असतं तर? त्या म्हणाल्या, "पिणं बाळाला वाईटच. पण या मुलाची आई नऊ महिने नुसतं दूध प्यायली असती तरी तो असाच जन्मला असता."

लोने गुरुवारी, २२ तारखेला दहा वाजता येणार आहे. प्रकरण बंद करायला. तसं ती स्वतः म्हणाली. त्रोल्स परवा बॅग घेऊन परत आला. बोडिलचं नाव आम्ही काढत नाही. मी तिला माफ करू शकत नाही, आणि तो मला.

तुझी सही नसती तर माझं मूल गेलं असतं. हे मी कधी विसरणार नाही.

सिसेल


क्लिटहाउन, १४ जून

सिसेल,

तुझ्या पत्रातलं ते दुधाचं वाक्य मी उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्चीत बसले. दुपारचं जेवण तसंच राहिलं.

मी प्यायले होते. पिंपावर उभं राहून जे बोलले ते खोटं होतं. शहाऐंशीचा आमचा संप नऊ आठवडे चालला, आणि जिंकलो त्या दिवशी धक्क्यावर मला खांद्यावर घेतलं होतं. माझ्या पोटात चार महिन्यांचा येप्पे. लोक बिअरच्या बाटल्या देत होते आणि मी घेत होते. पाच घेतल्या, कदाचित सहा. नंतर आणखी दोनदा, सभांनंतर. नर्सने ते "असावी" लिहिलं तेव्हा सगळ्या जगाला मी ओरडून सांगितलं की बाई खोटारडी आहे, आणि घरी येऊन पाळण्याशी बसले तेव्हा मला माहीत होतं की ती बरोबर आहे. येप्पेचा प्रत्येक झटका मी माझ्या हाताने दिलेला आहे, असं मी तीस वर्षं धरून चालले. तुझा फॉर्म आला तेव्हा वाटलं, आता तो कागद बोलणार.

इथपर्यंत तुला अंदाज आला असेल. पुढचं मी लिहिलं नाही तर तुला कधीच कळणार नाही, आणि तू मला देवासारखी मानत राहशील. दोन दिवस मी तेच करायचं ठरवलं होतं.

ते निनावी पत्र माझं आहे.

आक्सेलच्या, तुझ्या बाबांच्या, अंत्यविधीच्या जेवणात मी तुझ्यापासून तीन खुर्च्या पलीकडे होते. तू पेला उचललास, परत उचललास, परत उचललास. मला तू दिसली नाहीस, मी दिसले, धक्क्यावर. वाटलं, मला त्या वेळी कोणी थांबवलं असतं तर. समोर येऊन तुझा हात धरायला हवा होता. पण हात धरायचा तर तोंडाने सांगावं लागलं असतं की मला हे कसं माहीत. ते मला जमलं नाही. जिने आयुष्यभर मालकांच्या निनावी चहाड्यांवर भाषणं ठोकली, तिने निनावी चहाडी लिहिली. डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

आणि तुझ्या पहिल्याच पत्रात "पाणी होतं" हे वाचलं, तेव्हा लगेच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. तू बोडिलचं नाव घेतलंस, मी तिकडे बोट दाखवलं. बोट न दाखवल्यासारखं करून दाखवलं. ते मला चांगलं जमतं.

आज ज्या कागदांनी मी सुटले ते मिळाले तुझ्या मुलीमुळे, आणि तिला मीच त्या फाइलमध्ये घातलं होतं. प्रयोगशाळेने जे वाचलंच नाही त्याला "नाही" म्हटलं, हे खरं. लोनेने त्या "नाही"वर तुझा गुन्हा उभा केला, तेही खरं. पण त्याखाली ठेवायला पहिली वीट माझी होती, आणि त्या दोघींवर संतापायचा हक्क मी घालवून बसले आहे.

बोडिलची माफी माग. तुला मागायची आहे ती तू माग, माझी मी मागेन. लोनेलाही मी लिहिणार आहे, नाव घालून.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मला ते समजेल.

दाग्नी


एगेलुंड, १९ जून

आत्या,

तुझं पत्र मी आधी त्रोल्सला वाचायला दिलं, कारण पहिल्यांदा मला ते पूर्ण वाचता आलं नाही. त्याने ते वाचून नीट घडी घातली. मग म्हणाला, "आपण आईकडे जाऊ."

गेलो. बोडिल बागेत होती. मी पायरीवरच माफी मागितली. मग ते पत्र कोणाचं होतं हे तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. फक्त म्हणाली की विल्माचे मोजे आता लहान झाले असतील, नवे विणायला घेते. मला वाटलं होतं की ती मला फटकारेल. फटकारलं असतं तर बरं झालं असतं.

तुला माफ केलंय असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. विल्माला मांडीवर घेतलं की तुझं पत्र आठवतं आणि हात घट्ट होतात. येप्पेचं आठवतं तेव्हा सैल होतात. दिवसभर हेच चाललंय.

लोनेला लिहू नकोस. कागद पुष्कळ झाले. गुरुवारी ती दहा वाजता येईल. बोडिलला मी साडेनऊला बोलावलंय. तू ये. माझ्या स्वयंपाकघरात, त्या दोघींसमोर, मला लिहिलंस ते सगळं तोंडाने सांग, धक्क्यावरचंही आणि डाव्या हाताचंही. भाषण करू नकोस. नुसतं सांग. पाण्याचंही तूच सांग, कारण माझ्या तोंडून त्यांना ते कधी खरं वाटलं नाही.

टेबलाला चार खुर्च्या आहेत. त्रोल्स उभा राहील. तुझं बोलून होईपर्यंत मी विल्माला तुझ्याकडे देणार नाही. नंतरचं नंतर.

बस चौकात थांबते. तिथून पुढे चालत यावं लागेल, घ्यायला कोणी येणार नाही.

सिसेल